गिळलेलं नाव

एर्लिंडानं लोइडाच्या जॅकेटची चेन थेट हनुवटीपर्यंत ओढली, इतकी की लोइडाला मान वर करावी लागली.

"गळा कापशील, मानांग."

"कापला तर बडबड तरी थांबेल. टोपी कुठाय?"

"पिशवीत."

"पिशवीला थंडी वाजतेय का? डोक्यावर घाल."

लोइडानं लाल लोकरी टोपी काढून कानांवर ओढली. एकोणपन्नास वर्षांची बाई, एका लेकीची आई, पण मानांगपुढं अजून शाळकरी पोरीसारखी उभी राहायची. मानांग म्हणजे थोरली बहीण. ती रक्ताचीच लागते असं नाही. परक्या देशात जी आधी आली, जिनं तुम्हाला बरा तांदूळ कुठं मिळतो आणि कुठल्या मुकादमापासून लांब राहायचं ते सांगितलं, ती थोरली. एर्लिंडाला जपानात येऊन सत्तावीस वर्षं झाली होती, लोइडाला अठरा. दोघी फिलिपिन्समधल्या इलोकोस प्रांतातल्या. दोघी फुजीच्या पायथ्याशी एकाच कागद कारखान्यात, सरकत्या पट्ट्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या राहून संडासच्या कागदाची भेंडोळी पिशव्यांत भरायच्या. अठरा वर्षं एकमेकींचं तोंड बघून काम केलेल्या बायका. नवऱ्याचं तोंडसुद्धा कुणी एवढं बघत नाही.

शेवटची बस त्यांना पाचव्या ठाण्यावर उतरवून, वळून, खाली निघून गेली होती. फुजीवर अशी दहा ठाणी. पाचव्यापर्यंत गाडी येते, पुढं ज्याचे त्याचे पाय. रात्रभर चढायचं आणि शेंड्यावर पोचून सूर्य उगवताना बघायचा, अशी तिथली चाल. तेव्हा वाटेवर अजून फाटक बसलं नव्हतं, ज्याला जायचं तो रात्री जाई.

दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खोटं नाही. सत्तावीस वर्षं रोज सायकलवरून कामाला जाताना दिसणारा तो निळा डोंगर इथं आल्यावर कुठंच नव्हता. पायाखाली काळी खडी होती, कडेनं दोरी होती आणि वर अंधारात मुंग्यांच्या रांगेसारखे हलणारे कपाळावरचे दिवे होते.

बाकावर बसून त्यांनी केळीच्या पानात वाफवलेला गोड चिकटभात खाल्ला. तो एर्लिंडानं सकाळी केला होता. पानं घडी करून पिशवीत गेली. मग उठून एर्लिंडा बाकाकडं वळली आणि दिवेलागणीला खेळणाऱ्या पोरांना घरात बोलवावं तशी म्हणाली,

"चल, एर्लिंडा. चल, लोइडा. मागं राहू नका."

जिथं बसलो, जेवलो, हसलो, तिथून निघताना आपल्या जिवाला नाव घेऊन हाक मारायची, ही इलोकोसची रीत. जीव लहान पोरासारखा असतो, कुठंही रमतो. देह उठून चालू लागतो आणि तो तिथंच दगडावर बसून राहतो. मग घरी पोचतं ते नुसतं पोतं. ते जेवत नाही, हसत नाही, विचारलं तर बरं आहे म्हणतं. कुणीतरी त्याचा कपडा घेऊन त्या जागी परत जावं, हाक मारावी, तेव्हा कुठं ते माणसात येतं. बरोबर थोरली असेल तर सगळ्यांची नावं तिनंच घ्यायची.

एके काळी नदीकाठच्या सहलीवरून निघताना एर्लिंडाला चौदा नावं घ्यावी लागत. मग कुणी परत गेली, कुणी ओसाकाला गेली, एक तिथल्याच मातीत गेली. आता दोन उरली होती. शनिवारी लोइडाचं विमान होतं, जायचं तेवढं तिकीट, यायचं नाही. लेकीचं, मारिविकचं, बाळंतपण होतं, घर बांधून झालं होतं, कंबर गेली होती. कारणं सगळी बरोबर होती. त्यातलं एकही खोडता येत नव्हतं, हीच तर अडचण होती.

एर्लिंडाला फक्त दोन शब्द बोलायचे होते. नको जाऊस. तेवढ्यासाठी ती बारा हजार फुटांवर चढायला निघाली होती, कारण खाली, स्वतःच्या स्वयंपाकघरात, लोइडा भांडी पुसत समोर उभी असताना, ते तिच्या तोंडून निघत नव्हते. तिनं आयुष्यात कुणाकडं काही मागितलं नव्हतं. आईकडं नाही, जपानी नवऱ्याकडं, मोचिझुकीकडं नाही, मोचिझुकी गेल्यावर त्याच्या भावांकडं नाही. न मागण्याची सवय लागली की जीभ त्या बाजूला वळत नाही.

सहाव्या ठाण्यावर लोइडानं लाकडी काठी घेतली. तिच्या टोकाला घुंगरू होतं.

"घुंगरू कशाला? गाय आहेस का हरवायला?"

"सगळे घेतात. प्रत्येक ठाण्यावर हिच्यावर डाग देतात, मानांग. तापलेल्या लोखंडाचा. कुठवर चढलो ते कळतं."

"मग गायच की."

लोइडा हसली आणि काठीवर पहिला डाग घ्यायला खोपटात शिरली. एर्लिंडा बाहेर उभी राहिली. आता ती बाहेर आली की बोलू, असं तिनं ठरवलं. लोइडा बाहेर आली ती काठी नाकाशी धरून, जळक्या लाकडाचा वास घेत. म्हणाली, आमच्या घराच्या नव्या दारांना असाच वास येतो म्हणे. एर्लिंडानं दिव्याचा पट्टा कपाळावर घट्ट केला आणि चालायला लागली.

सातव्याला दोन तरुण पोरं शेजारी येऊन टेकली, तेव्हा राहून गेलं. पुढं तासभर चढ होता. दगड एवढे मोठे की हात टेकवावे लागत. एर्लिंडाचा उजवा गुडघा कुरकुरत होता, पण तो तिचा खासगी मामला होता. लोइडाच्या घुंगराचा आवाज मागून येत राहिला. तो थांबला की एर्लिंडा दगडावर हात ठेवून वाटेकडं बघत उभी राही, आपण दम खात नाही, वाट बघतोय, अशा थाटात.

पुन्हा एक खोपट आलं. दारावर पाटी.

"वाच गं," एर्लिंडा म्हणाली. सत्तावीस वर्षांत तिला आकडे आणि बसथांब्यांची नावं तेवढी ओळखीची झाली होती.

"सात."

"सात मघाशी झालं."

"सातच लिहिलंय."

खोपटातला माणूस केतलीवरचं झाकण सरकवत म्हणाला, "मघाचं ते नवं सातवं. हे मूळचं सातवं, आजी."

"म्हणजे तासभर चढून आम्ही सातावरून सातावर आलो?"

"हो, आजी."

"आजी तुझ्या घरी." मग लोइडाकडं वळून आपल्या भाषेत, "यांच्या हिशेबानं मी पन्नाशीतच आहे बघ. आधी नवं पन्नास, मग मूळचं पन्नास."

लोइडा एवढी हसली की तिला दगडावर बसावं लागलं. डोळे पुसून म्हणाली, "मारिविकला पण सातवाच लागलाय."

"नवा की मूळचा?"

पुन्हा हसणं. खोपटातला माणूसही काही न कळता हसला. हसत्या बाईला 'जाऊ नकोस' असं सांगवत नाही. तिथून उठताना एर्लिंडानं दोन्ही नावं घेतली आणि त्या पुढं निघाल्या.

आठव्यानंतर हवा पातळ झाली. बोलणं तुटक झालं. नवव्याला बसायला जागा मिळाली ती भिंतीच्या आडोशाला, वारा चुकवून. लोइडानं हात काखेत घातले होते.

"घराला वर दोन खोल्या काढल्यात," ती म्हणाली. "एक तुझी."

"मी काय पाहुणी आहे?"

"राहायला ये म्हणतेय. कायमची."

"तिथं माझं कोण आहे?"

"मी आहे."

"तू लेकीची. मग नातवाची. मग तुझ्या कोंबड्यांची. माझी पाळी येईपर्यंत मला पुरून तीन पावसाळे झाले असतील."

लोइडानं खाली पाहिलं. खालून दिव्यांची रांग वर येत होती, संथ, एका लयीत.

"आणि इथं कोण आहे तुझं, मानांग?"

हीच वेळ होती. दार आपणहून उघडलं होतं, आत फक्त पाऊल टाकायचं होतं. एर्लिंडानं पिशवीतून उकडलेलं अंडं काढलं, गुडघ्यावर आपटलं आणि सोलायला घेतलं. तिनं टरफलाचा एकही कण राहू दिला नाही.

"मोचिझुकीच्या थडग्यावर पाणी कोण घालणार?" ती म्हणाली. "माझा शुन्सुके नागोयाहून वर्षातून एकदा येतो आणि दगडापुढं उभा राहून फोनमध्ये बघतो. मी नसले तर दगडावर शेवाळ येईल."

तिनं अंडं लोइडाच्या हातात ठेवलं.

"मीठ लाव," ती म्हणाली.

शेंड्यावरच्या लाकडी कमानीखालून त्या गेल्या तेव्हा काळ्याचं करडं झालं होतं. माणसं कड्याच्या बाजूला तोंड करून गर्दीनं बसली होती, थिएटरात बसावीत तशी. मग करड्याचं पांढरं झालं. आणि तेवढंच झालं. ढग इतका दाट होता की पाच हातांवरचा माणूस दिसेना. सूर्य त्यामागं कुठंतरी आपलं काम करून गेला असावा. पोरापोरींनी तरीही हात वर करून आरोळी ठोकली. एवढं आलोच आहोत तर ओरडून तरी घेऊ.

लोइडानं थर्मासमधून चहा ओतला. दोघींनी एकाच झाकणातून आळीपाळीनं प्याला.

"दिसला नाही ते बरं झालं," लोइडा म्हणाली. "उगीच गुंतले असते."

शेजारच्या म्हाताऱ्यानं ढगात बोट दाखवून सांगितलं की खरं टोक तिकडं आहे, अजून वीस मिनिटं.

"दोन सातवी, आता दोन टोकं," एर्लिंडा पुटपुटली. "या देशात काही एकदाच होत नाही का?"

पण एकदाच होणारी गोष्ट शनिवारवर येऊन ठेपली होती, आणि तिनं अजून तोंड उघडलं नव्हतं. आता खाली उतरायचं, बस, मग कारखान्यातला शेवटचा आठवडा, मग विमानतळ. त्यापुढं तिला कुठूनही निघताना एकच नाव घ्यावं लागणार होतं. घरात कुणाला ही रीत माहीत नव्हती. शुन्सुके लहानपणी बागेत आईनं हाक मारली की लाजेनं चार पावलं पुढं पळायचा. अजूनही तो नव्या वर्षाला येऊन गेला की ती दार लावून घेते आणि आतून हळूच त्याचं नाव घेते.

लोइडा वाकून बुटाची नाडी बांधत होती. वारा कानात भोंग्यासारखा वाजत होता. एर्लिंडा त्या बसल्या होत्या त्या दगडाकडं वळली.

"चल, एर्लिंडा," ती म्हणाली.

लोइडाचं नाव जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"मागं राहू नकोस," एवढं म्हणून ती उताराला लागली.

पहिला अर्धा तास काही झालं नाही. मग घुंगराचा आवाज मागं पडू लागला. एर्लिंडा थांबली, लोइडा आली, पुन्हा मागं पडली. नवव्याला तिनं काठीवर भार टाकून डोळे मिटले.

"काय होतंय?"

"काही नाही."

"मळमळतंय?"

"नाही. बरं आहे."

आठव्यापर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. अठरा वर्षांत ही बाई तापातसुद्धा गप्प बसली नव्हती. एर्लिंडानं पाणी दिलं, तिनं हातात धरून ठेवलं. अंडं दिलं, तेही धरून ठेवलं. तिथल्या माणसानं तिचे डोळे बघितले, नखं बघितली. म्हणाला, विरळ हवेचा त्रास आहे, खाली उतरा, बरं वाटेल.

त्या खाली उतरल्या. बरं वाटलं नाही. मूळच्या सातव्यावर, रात्री जिथं हसून हसून बसली होती त्याच दगडावर लोइडा बसली आणि समोर बघत राहिली. ढग आता वर राहिला होता. खाली गाव दिसत होतं, कारखान्याच्या चिमण्या, पलीकडं समुद्राची रेघ. तिनं त्यातलं काहीच पाहिलं नाही.

"मानांग, वर माझं नाव घेतलंस ना?"

"घेतलं तर."

"मला ऐकू नाही आलं."

"वारा होता."

लोइडानं मान हलवली. मग, जरा वेळानं, कुणा तिसऱ्याबद्दल बोलावं तशी म्हणाली, "मारिविकचा चेहरा आठवायला बघतेय. येत नाहीये. जावं असं वाटत नाही. राहावं असंही वाटत नाही. तू म्हणशील तसं."

तू म्हणशील तसं. एवढंच तर एर्लिंडाला हवं होतं. रात्रभर जे मागता आलं नव्हतं ते न मागता हातात आलं होतं. आता फक्त 'मग राहा' म्हणायचं होतं, आणि लोइडा राहिली असती. सोमवारी पट्ट्याच्या पलीकडं हेच डोळे घेऊन उभी राहिली असती.

एर्लिंडा उठली.

"थर्मास वर राहिला," ती म्हणाली. "आठव्याला. तू बस इथं."

"राहू दे. तुझा गुडघा—"

"गुडघा माझा आहे. टोपी दे तुझी. माझं डोकं गार पडलंय."

तिनं ती लाल टोपी लोइडाच्या डोक्यावरून स्वतःच उचलली आणि वर चालू लागली.

उतरणाऱ्या गर्दीतून उलटं चढणारी ती एकटीच होती. माणसं बाजूला होत, नवलानं बघत. रीतीप्रमाणं थेट शेंड्यापर्यंत जायला हवं होतं, जिथं बसलो त्या दगडापर्यंत. तिनं तसा हिय्या केलाही होता. पण तासाभरानं, आठव्याच्या खालच्या वळणावर, गुडघ्यानं तिला स्पष्ट सांगून टाकलं की आता नाही. तिनं दोरी धरली. वर डोंगर होता, आणि डोंगरावर ढग बसला होता.

यंत्राच्या खडखडाटावरून हाका मारून मारून कमावलेला आवाज होता तिचा.

"लोइडा," तिनं हाक मारली. "चल. लोइडा, ऐकतेस का? मी मुद्दाम घेतलं नाही तुझं नाव. वाऱ्याचा काही दोष नव्हता. तुझी लेक वाट बघतेय. चल आता, मागं राहू नकोस."

तिनं टोपी वर धरून हलवली. पुन्हा हाक मारली. मग तिसऱ्यांदा. उतरणारी चार-पाच माणसं थबकली. गळ्यात बिनतारी यंत्र अडकवलेला एक वाटाड्या धावत खाली आला.

"कुणी मागं राहिलंय का, आजी?"

या वेळी ती 'आजी'वर काही बोलली नाही.

"हो. एक बाई."

"वय?"

"एकोणपन्नास."

"अंगावर काय आहे?"

एर्लिंडानं हातातल्या टोपीकडं पाहिलं. "डोक्यावर टोपी नाही तिच्या," ती म्हणाली.

वाटाड्यानं यंत्राला हात घातला. तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"नको. येतेय ती. वाट माहीत आहे तिला."

आणि ती वळून उतरायला लागली. दोरीकडची बाजू चालायला बरी असते, हाताला आधार मिळतो. ती बाजू तिनं मोकळी ठेवली आणि स्वतः बाहेरच्या कडेनं, निसटत्या खडीवरून, गुडघा दाबत चालली. मागं वळून पाहिलं नाही. बोलावल्यावर मागं बघायचं नसतं, जीव बुजतो.

लोइडा त्याच दगडावर होती. एर्लिंडानं टोपी तिच्या डोक्यावर घातली आणि दोन्ही कानांवर खाली ओढली.

"मिळाला थर्मास?"

"नाही. कुणीतरी उचलला असेल. चोर सगळीकडं असतात."

लोइडा तिच्याकडं बघत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं मुठीतलं अंडं पाहिलं, जणू ते आत्ता कुणी तिथं ठेवलं होतं. ते फोडलं, अर्धं खाल्लं.

"मीठ नाही," ती म्हणाली.

"मीठ तुझ्या सासरी," एर्लिंडा म्हणाली, आणि खिशातून मिठाची पुडी काढून तिच्यापुढं धरली.

सहाव्यापर्यंत लोइडाची कुरकुर सुरू झाली होती. टाचा, कंबर, बसला गर्दी असेल, मारिविकला बाळाचे कपडे कुठल्या रंगाचे न्यावेत. एर्लिंडा 'हं' म्हणत राहिली. नको जाऊस हे तिनं म्हटलं नाही, आता ते म्हणायचंच नव्हतं.

शनिवारी सकाळी दोघी विमानतळाच्या बसची वाट बघत थांब्यावर उभ्या होत्या. लोइडानं खोली सोडली होती, शेवटची रात्र ती एर्लिंडाकडं झोपली होती. दोन बॅगा, खांद्यावर एक पिशवी. डाग दिलेली काठी विमानात घेणार नाहीत म्हणून एर्लिंडाच्या खिडकीपाशी राहिली होती, धुणं वाळत घालायला. घरातून निघताना एर्लिंडानं नाव घ्यायला तोंड उघडलं, तर लोइडा म्हणाली होती, "आत्ता नको. थांब्यावर माझं मी घेईन."

डोंगर समोर होता, निळा, शेंड्यावर एक ढगसुद्धा नाही.

"बघ," एर्लिंडा म्हणाली. "आज कसा बसलाय. त्या दिवशी लाजत होता."

बस आली. बॅगा पोटात गेल्या. लोइडानं खांद्यावरच्या पिशवीत हात घातला आणि थर्मास काढून एर्लिंडाच्या हातात दिला. बुडाशी पोचा पडलेला, तोच.

"माझ्याच पिशवीत होता, मानांग. डोंगरावर पण."

एर्लिंडानं झाकण फिरवून बघितलं, घट्ट होतं तरी पुन्हा आवळलं.

"मग तेव्हाच सांगायचंस."

"तू निघाली होतीस." लोइडानं तिच्या कोपराला हात लावला. "आवाज फार लांब जातो गं तुझा."

ड्रायव्हरनं हातातलं घड्याळ पाहिलं. लोइडा पायरीवर चढली.

"नाव घे," एर्लिंडा म्हणाली. "घेते म्हणाली होतीस ना. घे."

लोइडानं वळून तिच्याकडं पाहिलं, मग थांब्याकडं, त्याच्यामागच्या गल्लीकडं, जिथून त्या दोघी आल्या होत्या. ती काही म्हणाली नाही. आत जाऊन खिडकीपाशी बसली. दार लागलं. काचेतून तिचं तोंड दिसत होतं, अठरा वर्षं समोर दिसलेलं, ओठ घट्ट मिटलेले.

बस हलली. एर्लिंडाला हाक मारता आली असती. एक हाक, काच काय, सगळी बस थांबली असती. तिनं श्वास घेतला आणि तसाच धरून ठेवला, बस कोपऱ्यावर वळेपर्यंत.

"गाढव आहे," मग ती म्हणाली. "आता न्यायला परत यावं लागेल तुला."

थांब्यावरच्या बाकाशी कुणी नव्हतं. ऊन चढत होतं. तिनं थर्मास काखेत धरला.

"चल," ती म्हणाली. "उन्हात उभी राहू नकोस."

आणि ती गल्लीत शिरली. गल्ली अरुंद, सावली एकाच बाजूला, भिंतीच्या कडेनं. ती सावली मोकळी ठेवून एर्लिंडा उन्हातून चालत राहिली.